पिवळा कॉसमॉस लावताय? या चुका टाळा

रस्त्याकडेला हे झाड आपलं आपण उगवतं आणि ढिगानं फुलतं. तेच कौतुकानं दारात आणलं की रुसतं. जुळे सोलापुरात आमच्या अंगणात पहिल्या वर्षी चार फूट हिरवंगार झुडूप झालं आणि फुलं मोजून पाच!

घोळ खताचा होता. वाफ्यात दोन घमेली शेणखत, वर मूठभर युरिया. नत्र जास्त झालं की कॉसमॉस पानांतच रमतो. कांडं लुसलुशीत होतं, शेंड्यावर मावा बसतो आणि जरा वारा सुटला की झाड आडवं. आता मी खत अजिबात घालत नाही. रोप वीतभर झालं की शेंडा खुडते, म्हणजे फांद्या फुटतात. तरीही कललंच तर तुराटी रोवून सुतळीनं सैल बांधते.

पाण्याचा लाड त्याहून वाईट. आपली काळी माती वरून भेगाळलेली दिसते, पण चार बोटं खाली ओल असते. दुपारच्या उन्हात पानं मलूल झाली म्हणून लगेच पाइप घेऊन धावू नका. संध्याकाळी ती सावरली तर तहान नव्हतीच. बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. नाहीतर बुंधा मातीलगत काळा पडतो आणि उभं झाड दोन दिवसांत मान टाकतं; मग काही उपाय नाही. इकडे सप्टेंबरात पाऊस जोर धरतो, म्हणून वाफा वीतभर उंच करा आणि मातीत मुरूम किंवा वाळू मिसळा.

बी नखाएवढंच खोल पेरा, दोन रोपांत हातभर अंतर ठेवा. ऊन दिवसाचे सहा तास तरी हवं.

झाड निरोगी, तरी कळी नाही? हे लहान दिवसांत फुलणारं झाड. जूनमध्ये पेरलेलं बरेचदा दिवस आखडू लागेपर्यंत नुसतं वाढत बसतं. आमच्या फाटकावरचा दिवा रात्रभर जळायचा. त्याखालची रोपं बाकीच्यांच्या बऱ्याच मागून फुलली.

एक चूक मात्र दारापुरती राहत नाही. पुष्कळ जण याला सोनकी समजून माळावर बी उधळतात. सोनकी सह्याद्रीची, कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. तो बेफाम पसरतो आणि इथल्या गवत-फुलांची जागा खातो. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्यापासून तासाभराच्या आत आहे, तिथलं गवताळ रान आधीच थोडं उरलंय. म्हणून फुलं सुकताच खुडा; नवी फुलंही जास्त येतात. पुढच्या वर्षापुरती चार-सहा बोंडं झाडावर वाळू द्या आणि बी कागदी पिशवीत ठेवा. लांबट काळ्या बीच्या टोकाला दोन-तीन बारीक काटे असतात, ते कुसळासारखे कपड्याला चिकटतात. माळावर फिरायला निघण्याआधी सलवारीचा काठ झटकून घ्या, आणि तोही आपल्याच अंगणात.