धावणाऱ्यांसाठी दिवाळीची स्वस्त आणि उपयोगी भेट

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या बहिणीला किंवा मित्राला भाऊबीज-पाडव्याला बूट द्यावेत असे वाटते. पण ते महाग असतात आणि दुसऱ्याने निवडलेले बूट पायाला नेमके बसतीलच असे नाही. त्याऐवजी धावण्याच्या पायमोज्यांचे दोन चांगले जोड द्यावेत. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कापडाच्या घर्षणाने फोड येतात, म्हणून पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे मोजे घ्यावेत. दुकानात मोजा उलटा करून बोटांजवळच्या शिवणीवरून अंगठा फिरवावा. शिवण जाड लागली, तर तो जोड घेऊ नये. माप त्यांच्या जुन्या बुटाच्या जिभेमागे छापलेले असते.

सोबत, धावताना कातडी घासली जाऊ नये म्हणून काखेत आणि मांड्यांना लावण्यासाठी पेट्रोलियम जेलीची लहान डबी आणि पहाटेच्या अंधारात वाहनचालकांना दिसेल अशी दंडावरची चमकपट्टी ठेवावी. माझ्या मते यातली चमकपट्टी सर्वांत मोलाची आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांना रस्त्याच्या कडेनेच धावावे लागते.

भेट मात्र दिवाळीतच द्यावी, कारण नवे मोजे सरावात वापरून न पाहता थेट शर्यतीच्या दिवशी घालणे धोक्याचे असते.