सी मधला व्हॉइड पॉइंटर कसा वापरावा

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणारं व्हेरिएबल. इंट (पूर्णांक) पॉइंटरला डेटाचा पत्ताही ठाऊक असतो आणि प्रकारही. व्हॉइड पॉइंटरकडे नुसता पत्ता असतो. तिथे काय ठेवलंय हे लक्षात ठेवायचं काम तुमचं.

आधी पत्ता भरा. ‘वय’ नावाचं इंट व्हेरिएबल घ्या, ‘व्हॉइड *पी’ जाहीर करा आणि ‘पी = &वय’ लिहा. कास्ट, म्हणजे प्रकार बदलून सांगणं, लागत नाही. पुढे त्याच पी मध्ये डबलचा किंवा स्ट्रक्चरचा पत्ता टाकला तरी कंपायलर कुरकुरत नाही. उलट दिशेलाही, म्हणजे व्हॉइड पॉइंटर दुसऱ्या प्रकारच्या पॉइंटरमध्ये टाकतानाही, सी मध्ये कास्टची गरज नसते, त्यामुळे मेमरी मिळवून तिचा व्हॉइड पॉइंटर परत देणाऱ्या मॅलॉकच्या आधी लिहिलेला कास्ट निव्वळ शोभेचा. सी प्लस प्लसमध्ये मात्र तो लागतोच.

आता किंमत वाचा. नुसतं ‘*पी’ लिहिलं तर कंपायलर अडवतो, आणि बरोबरच आहे: किती बाइट उचलायचे हे त्याला कळणार कसं? म्हणून ‘*(इंट *)पी’ लिहायचं. आधी कास्ट, मग डीरेफरन्स, म्हणजे त्या पत्त्यावरची किंमत उचलणं. हा कास्ट खरा आहे का, हे कुणी तपासत नाही. फ्लोटमध्ये १.० ठेवा आणि तोच पत्ता इंट म्हणून वाचा. बहुतेक मशिनवर १०६५३५३२१६ छापून येईल. एरर नाही, बहुधा वॉर्निंगही नाही. शिवाय असं वाचणं हे सी च्या नियमांनुसार अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे हाच आकडा येईल याचीही हमी नाही.

‘पी + १’ प्रमाणित सी मध्ये चालत नाही. जीसीसी हा कंपायलर एक बाइट धरून चालवून घेतो, पण त्यावर विसंबू नका. कॅरेक्टर पॉइंटरमध्ये कास्ट करून बाइट मोजा.

खरा उपयोग दिसतो क्यूसॉर्ट या ॲरे क्रमाने लावणाऱ्या फंक्शनमध्ये. त्याला ॲरेचा पत्ता, घटकांची संख्या, एका घटकाचा आकार आणि तुलनेचं फंक्शन द्यायचं. त्या फंक्शनला ‘कॉन्स्ट व्हॉइड *’ प्रकारचे ए आणि बी मिळतात. इंटसाठी ‘*(कॉन्स्ट इंट *)ए’ असं करून एक्स काढा, तसाच बी वरून वाय, आणि ‘(एक्स > वाय) - (एक्स < वाय)’ परत द्या. सरळ ‘एक्स - वाय’ देण्याचा मोह टाळा. मोठ्या आकड्यांवर ओव्हरफ्लो होतो, म्हणजे उत्तर इंटमध्ये मावत नाही.

स्ट्रिंगच्या पॉइंटरांचा ॲरे असेल तर जरा थांबा. इथे ए म्हणजे स्ट्रिंग नव्हे, स्ट्रिंगच्या पॉइंटरचा पत्ता. म्हणून ‘*(चार * कॉन्स्ट *)ए’ असं (इथे ‘चार’ म्हणजे कॅरेक्टर प्रकार) एक पायरी उतरूनच एसटीआरसीएमपी या स्ट्रिंगची तुलना करणाऱ्या फंक्शनला द्या. थेट ए आणि बी दिलेत, तर ते पॉइंटरच्याच बाइटना अक्षरं समजून तुलना करत बसेल.