गावची जमीन, खालचा मुरूम आणि वारस: मोठी माणसं हयात असतानाच काय करून ठेवायचं

आजोबा गेल्यावरही कित्येक वर्षं आमच्या सातबाऱ्यावर त्यांचंच नाव होतं, आणि माळावरच्या तुकड्यात मुरूम चांगला निघतो म्हणून क्रशरवाला दारात आला तेव्हा सही कोणी करायची यावरून दोन काकांचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. म्हणून कळकळीने सांगते, हे आत्ताच उरका.

आधी सातबारा, आठ अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा. जमीन वडिलांकडे वारसाने आली की खरेदीखताने, ते फेरफारात कळतं आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. हिंदू कुटुंबात स्वकष्टाची जमीन वडील मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकतात, वडिलोपार्जित असेल तर फक्त आपल्या हिश्श्यापुरती. हिस्से मोजताना मुली धरायच्याच, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहहिस्सेदार आहे, "लग्नात दिलं की तिला" हे कोर्टात चालत नाही. बहिणीला खरंच नको असेल तर तिने राजीखुशीने हक्कसोडपत्र रजिस्टर करून द्यावं, कोऱ्या कागदावर सह्या घेऊ नका प्लीज.

आता मुरूम-दगडाचं. जमीन आपली म्हणून खालचं खनिजही आपलं असं नसतं, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे ते सरकारचं, विकायला काढायचं तर परवाना आणि रॉयल्टी (सरकारला भरायचं शुल्क) लागते. विनापरवाना उकरलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि तो भरला नाही की सातबाऱ्यावर त्या थकबाकीचा बोजा चढतो, म्हणजे खड्डा एकाने केला आणि निस्तरायचं पोरांनी. त्यामुळे सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क'चा रकाना नीट वाचा. क्रशरवाल्याशी करार झाला असेल तर त्याची प्रत, परवाना, रॉयल्टीच्या पावत्या एका फाईलला लावा आणि भाडं पुढे कोणाला किती, खड्डा कोण बुजवणार, हे मृत्युपत्रात स्पष्ट लिहा.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो, पण दोन साक्षीदार हवेतच, शक्यतो ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही असे. रजिस्टर करायची सक्ती नाही तरी कराच. गट नंबर, क्षेत्र, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बांधावरचे आंबे, गाडीवाट, सगळं लिहा, भांडणं तिथेच होतात.

सगळे राजी असतील तर त्याच महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटणी होते. आणि कोणी गेलं तर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या, ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाईनही होतो, फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून सगळ्यांची नावं बरोबर आलीत ना ते तपासा.