एसईओवर पैसे घालण्याआधी

एसईओ म्हणजे गूगलच्या शोधात वर दिसण्यासाठी केलेली खटपट. दुकान लहान असेल तर त्यावर पहिला महिना एक रुपयाही खर्च करू नका. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमच्या दुकानाची नोंद, फुकट आहे. आधी ते पूर्ण भरा. नाव पाटीवर आहे तेच लिहा. त्याला ‘पुण्यात सर्वात स्वस्त’ अशी शेपटी जोडली, तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. व्यवसायाचा प्रकार नेमका निवडा: नुसतं ‘दुकान’ नको, ‘सायकल दुरुस्ती’. सणासुदीला दुकानाच्या वेळा प्रोफाइलवर बदलत राहा. पाडव्याला ‘उघडं’ दिसलं आणि शटर बंद निघालं, की गिऱ्हाईक जातंच, वर एक तारा देऊन जातं.

वेबसाइट असेल तर गूगलचं सर्च कन्सोल जोडा, तेही मोफत. लोक काय शोधत तुमच्यापर्यंत येतात ते तिथे दिसतं. प्रत्येक सेवेला वेगळं पान, त्यावर दर आणि तुम्ही जाता ते भाग.

मग हिशेब. समजा, एसईओ करून देणारी एजन्सी महिन्याला ८,००० रुपये मागते आणि एका गिऱ्हाइकामागे हाती ४०० उरतात. म्हणजे महिन्याला २० नवी गिऱ्हाइकं आली तर कुठे बरोबरी. परिणाम दिसायला गूगलच्याच म्हणण्यानुसार साधारण ४ महिने ते १ वर्ष लागतं. तोवर किमान ३२,००० गेलेले असतात. वडापावच्या गाडीला हे झेपत नाही, दातांच्या दवाखान्याला झेपू शकतं.

‘पहिला नंबर, गॅरंटीने’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. विकतच्या लिंक, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्यांच्या साइटवर लावून घेतलेले तुमच्या साइटचे दुवे, गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत. फटका तुमच्या साइटला बसतो, एजन्सीला नाही. डोमेन (साइटचा पत्ता) आणि प्रोफाइलची मालकी स्वतःच्या नावावर ठेवा, एजन्सीला फक्त मॅनेजर म्हणून जोडा.