तरुण संघ चालवताना या चुका टाळा

बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) तरुण संघ म्हणजे रविवारच्या उपासनेत दोन गीतं, नाताळात कॅरोल आणि मे महिन्यात शिबिर. आठवी-नववीतली मुलं येतात, काही काळ रमतात आणि बारावीनंतर दिसेनाशी होतात. मग मंडळीचा कारभार पाहणारी पंच कमिटी मोबाइलला दोष देते. मला ते पटत नाही. क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, असं बायबलमध्ये याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे. आपण मुलांकडून वचनं पाठ करून घेतो, पण त्यांच्या हातांना काम देत नाही. दिलं तरी त्यात ठरावीक चुका करतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका दिवसाची सेवा. आमच्या भागातला एक संघ नाताळाच्या आठवड्यात वृद्धाश्रमात गेला होता, मी पाहुणा म्हणून बरोबर होतो. बस भरून मुलं, गिटार, केक, ब्लँकेटं आणि बॅनर. तासाभरात गाणी आटोपली, प्रत्येक ब्लँकेट देताना फोटो निघाला. नववीतली एक मुलगी मात्र या गर्दीतून बाजूला होऊन एका आजींजवळ बसली. आजींना नीट दिसत नव्हतं. उशीखाली जपलेलं मुलाचं जुनं पत्र तिने त्यांना दोनदा वाचून दाखवलं. निघताना आजींनी तिचा हात धरला, “परत कधी येशील गं?” “पुढच्या रविवारी,” ती म्हणाली आणि तिला ते खरंच करायचं होतं. रविवारी तिने संघाच्या पुढाऱ्याला विचारलं, तर उत्तर मिळालं, “अगं, तो कार्यक्रम झाला ना आता.” एकटीला घरचे पाठवेनात. उन्हाळ्यात मी दुसऱ्या कामासाठी तिथे गेलो, तेव्हा आजींनी मला विचारलं, “ती वाचणारी पोर कुठं आहे?” पोर तोवर संघात यायचीही बंद झाली होती. तिने दिलेला शब्द मोठ्यांनी मोडायला लावला होता, तो राग मला आजही आहे.

माझी पद्धत साधी आहे. वर्षभर एकच जागा धरायची. तीन-चार मुलांचा गट आणि बरोबर दोन जबाबदार मोठी माणसं, महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. पहिल्या भेटीला निघण्याआधी चौथ्या भेटीला कोण जाणार ते वहीत लिहायचं, नावं मिळाली नाहीत तर पहिली भेटही नको. गिटार घरी ठेवायची. आजोबांची नखं कापायची, औषधांच्या पुड्या वेळेप्रमाणे लावून ठेवायला तिथल्या सिस्टरना मदत करायची, लेकीला फोन लावून द्यायचा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात प्रभू आजाऱ्याच्या समाचाराबद्दल बोलतो आणि समाचार घ्यायला वेळ लागतो. नवे पुढारी इथे अधीर होतात, “अशाने किती मुलं जोडली जाणार?” म्हणतात. चार जोडली जातील. ती चार टिकतील.

फोटो काढूच नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलेलंच आहे.

धान्य देताना समोरच्याला प्रार्थनेला बसवू नका. भुकेल्यापुढे अट घालायची नसते.

दुसरी चूक मला तितकीच सलते. सगळं मोठ्यांनी करायचं आणि मुलांनी खुर्च्या उचलायच्या. “त्यांना जमणार नाही,” हे कारण. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या. त्यांना नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत, शिक्षण दिलं, हाताला उद्योग दिले, छापखाना दिला. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून छापलं गेलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, ते काम 1924 मध्ये पुरं झालं. अनाथ, उपाशी आलेल्या मुली एवढं करतात, तर आपल्या दहावीतल्या मुलाला संघाचा हिशेब का देत नाही? मी देतो. पावत्या त्यानेच लावायच्या, मंडळीसमोर त्यानेच वाचायचा. बेरीज चुकली की मी शेजारी बसतो, पण पेन त्याच्याच हातात राहतं.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, 40 दिवस बहुतेक वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षाही तेव्हाच असते. त्या मुलांवर रोजच्या संध्याकाळच्या सभा लादू नका. कॉपी न करता पेपर लिहिणं ही त्या दिवसांतली त्यांची साक्ष आहे, तेवढंच त्यांच्यासाठी मागा.

संघात सेवाभावी आणि घरी आईला उलट बोलणारा मुलगा दिसला, तर त्याला आधी घरचं काम द्या.

मोठ्या माणसाने एकट्या मुलाला किंवा मुलीला कुठेही घेऊन जायचं नाही. पालकांची लेखी परवानगी हवीच. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, तो वाचूनच पुढारीपण घ्या. “आपली मंडळी म्हणजे घरच” असं म्हणून हे टाळणाऱ्याच्या हाती मी मुलं सोपवणार नाही.

राहिलं शिबिर. शेवटच्या रात्री शेकोटी पेटते, संथ गीत सुरू होतं, हात वर होतात, डोळे भरून येतात. ते अश्रू खोटे नसतात, पण पुढारी तेच फळ समजून मोजतात आणि घरी जातात. जूनमध्ये शाळा सुरू झाली की मुलगा पुन्हा एकटा पडतो. म्हणून शेकोटीच्या आधी, दिवसाउजेडी, मी प्रत्येकाला कागद देतो. कुणासाठी, काय, कोणत्या वारी. “देवासाठी जगेन” असं लिहिलेला कागद मी परत करतो, “शेजारच्या काकूंच्या मुलाला बुधवारी गणित शिकवीन” असं हवं. जूनच्या पहिल्या रविवारी ते कागद काढायचे आणि ज्याचं काम सुरू झालेलं नाही, त्याच्याबरोबर त्याच आठवड्यात आपण जायचं.