दुखण्याच्या कडक गोळ्या: या चुका टाळा

मॉर्फिन, ट्रॅमाडॉल अशा दुखणं थांबवणाऱ्या कडक गोळ्यांचा आपल्याकडे कारभार उलटाच आहे. तोंडाच्या कॅन्सरने माणूस रात्रभर कण्हतो, तरी घरचे म्हणतात, "मॉर्फिन नको, सवय लागंल." आणि ऊसतोडीवरून कंबर धरून आलेला गडी चिठ्ठीशिवाय ट्रॅमाडॉल मागतो. ट्रॅमाडॉल 2018 पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याखाली आहे. मेडिकलवाला नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका. फिट येणाऱ्याने तर ते डॉक्टरांना न विचारता घेऊच नये.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मॉर्फिन राखून ठेवणं. परभणीकडे एका मामींनी तंबाखूच्या रिकाम्या डबीत अर्ध्या केलेल्या गोळ्या साठवल्या होत्या. "लई दुखंल तवा देते की." साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची असते. दुखणं एकदा उसळलं की आवरायला जास्त औषध लागतं. आणि दीर्घकाळ असर करणारी गोळी असेल, तर ती मोडायची किंवा कुटायची नाहीच. सगळा डोस एकदम अंगात उतरतो.

शरीर औषधाला सरावणं वेगळं, व्यसन वेगळं. सरावलेलं असतं म्हणूनच गोळी एकदम बंद केली की घाम, जुलाब, तळमळ सुरू होते. डोस डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतात.

मळमळ काही दिवसांत ओसरते, पण पोट साफ न होण्याचा त्रास गोळी चालू असेपर्यंत राहतो. पहिल्याच दिवशी रेचक लिहून घ्या. इसबगोलावर भागवू नका. पाणी कमी पडलं तर उलट जास्त अडकतं.

फेंटानिल हेही असंच कडक औषध; त्याची अंगावर चिकटवायची पट्टी बहुधा 72 तासांची असते. तिच्यावर शेकायची पिशवी ठेवू नका, मे महिन्याच्या उन्हात बसू नका. उष्णतेने औषध जास्त वेगाने शोषलं जातं. ताप चढला तरी डॉक्टरांना कळवा.

जिवावर बेततं ते दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत घेतल्यावर. हलवूनही माणूस जागा होत नाही, श्वास संथ, घरघरता, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर तोंडात काही न घालता कुशीवर वळवा, 108 लावा आणि कोणती गोळी, किती, ते सांगा. नालोक्सोन नावाचा उतारा आहे, पण वेळेत पोहोचायला हवं.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा, मॉर्फिन अंगात साठतं. मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलवर सहसा मिळत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात चौकशी करा. उरलेल्या गोळ्या शेजारच्या आबांच्या गुडघ्यासाठी देऊ नका, जिथून आणल्या तिथे परत करा.