ऑर्बिट आणि ऑर्बिटल: या चुका टाळा, आणि आधी तो बाण खोडा

अणुरचनेच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलं की एक आकृती हमखास भेटते. २पी ऑर्बिटलचा (दुसऱ्या कवचातल्या एका ऑर्बिटलचा) डंबेल आणि त्याच्या कडेकडेने धावणारा इलेक्ट्रॉन, वर बाणसुद्धा! म्हणजे बोरच्या अणुप्रतिमानातली गोल कक्षा, अर्थात ऑर्बिट, काढून टाकली, तिथे इंग्रजी आठचा आकडा बसवला, बाकी समज जशीच्या तशी.

एका हुशार मुलाशी यावरून माझी चांगलीच जुंपली होती. विचारलं, "वरच्या पाकळीतून खालच्या पाकळीत हा जातो कुठून?"

"मधून, सर."

"मधल्या प्रतलात तर इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य आहे."

जरा विचार करून म्हणाला, "मग तिथून फार जोरात जात असेल." चित्र वाचवायला पठ्ठ्याने नवं भौतिकशास्त्र काढलं, पण बाण खोडला नाही.

ऑर्बिटल हा रस्ता नव्हेच. श्रोडिंगरच्या १९२६ च्या समीकरणातून मिळणारं ते तरंगफलन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अवस्थेचं गणिती वर्णन. त्याचा वर्ग केला की इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, ते कळतं. दोन्ही पाकळ्या मिळून एकच अवस्था; ये-जा कसली? पुस्तकातली ती कडादेखील आपणच आखलेली असते, साधारण ९० टक्के शक्यता आत यावी म्हणून. ९५ टक्के धरा, डंबेल फुगेल.

माझ्याकडे ऑर्बिटल पेन्सिलीच्या ठिपक्यांनीच काढायचं. शक्यता जास्त तिथे दाट, मधल्या प्रतलात कोरं. वेळ लागतो, मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत. ठिपक्यांच्या ढगावर बाण काढायचा मोह होत नाही.

दुसरी चूक जरा सभ्य दिसते, १एस या सर्वांत कमी ऊर्जेच्या ऑर्बिटलबद्दलची: "१एसमधला इलेक्ट्रॉन केंद्रकापासून ५२.९ पिकोमीटरवर असतो." हायड्रोजनसाठी बोरने १९१३ मध्ये काढलेली ही पहिल्या कक्षेची त्रिज्या. १एसमध्येही हा आकडा येतो, पण सर्वांत संभाव्य अंतर म्हणून. शक्यतेची घनता मात्र थेट केंद्रकापाशी सर्वाधिक असते. विरोधाभास नाही: केंद्रकालगतच्या पातळ गोल थराचं आकारमान नगण्य, म्हणून घनता जास्त असूनही त्या थरातली एकूण शक्यता कमी. आलेखाच्या उभ्या अक्षावर काय आहे ते न वाचता उत्तर ठोकणारे इथे पडतात.

"बोर चुकला, सोडून द्या" हेही नको. हायड्रोजनच्या मूळ पातळीची ऊर्जा, उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, बोर आणि श्रोडिंगर, दोघांकडेही तीच. कोनीय संवेग (फिरण्याचं माप) मात्र बोरच्या पहिल्या कक्षेत एच (प्लांकचा स्थिरांक) भागिले दोन पाय, तर १एसमध्ये शून्य. "पण फिरतो तर खरा ना?" म्हणणाऱ्याला मी हा शून्य दाखवतो.

शेवटची चूक सूत्राची. जास्तीत जास्त इलेक्ट्रॉन सांगणारं २एन² (एन म्हणजे कवचाचा क्रमांक) हे सूत्र कवचासाठी, म्हणजे ऑर्बिटलांच्या अख्ख्या गटासाठी आहे, एका ऑर्बिटलसाठी नाही. तिसऱ्या कवचात ९ ऑर्बिटल, प्रत्येकात फार तर २ इलेक्ट्रॉन, म्हणून १८. घोकलेलं सूत्र दिसेल तिथे चिकटवू नका.